अनोळखी कामाला पक्का दर देण्यापूर्वी : रोल्स-रॉइसचा इतिहास कसा वापरावा

रोल्स-रॉइसचे नाव निघाले की नवउद्योजकांना ठरलेला उपदेश ऐकवला जातो : सर्वोत्तम वस्तू बनवा, ग्राहक मागाल ती किंमत देईल. ४ फेब्रुवारी १९७१ रोजी हीच कंपनी दिवाळखोरीत निघून रिसीव्हरच्या, म्हणजे देणेकऱ्यांसाठी मालमत्ता ताब्यात घेणाऱ्या व्यवस्थापकाच्या, ताब्यात गेली, हे त्या उपदेशात कधीच येत नाही. तिच्या मोटारींचा लौकिक तेव्हाही टिकून होता. म्हणून लघुउद्योजकांची कोटेशने तपासताना मी या कंपनीचे वैभव बाजूला ठेवून तिचे व्यवहार समोर ठेवतो आणि पुढील क्रमाने जातो.

आधी भागीदारी पाहावी. १९०४ च्या मे महिन्यात मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात हेन्री रॉइस आणि चार्ल्स रोल्स भेटले. रॉइस यांनी गाड्या बनवायच्या आणि रोल्स यांनी त्या विकायच्या, असे ठरले, आणि पुढे कारभाराची बाजू क्लॉड जॉन्सन यांनी सांभाळली. तुमच्या भागीदारीत कोण काय करणार हे इतक्या थोडक्यात लिहिता येत नसेल, तर ते लिहिता येईपर्यंत पुढची पायरी घेऊ नये.

मग मालाची यादी कापावी. १९०८ पासून १९२२ पर्यंत ही कंपनी ४०/५० अश्वशक्तीचे एकच मॉडेल बनवत होती.

दर्जाचा दावा तिऱ्हाइताकडून तपासून घ्यावा. १९०७ मध्ये याच मॉडेलच्या ‘सिल्व्हर घोस्ट’ या गाडीने रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली सुमारे २३,००० किलोमीटरचे अंतर बिघाडामुळे थांबावे न लागता कापले, त्या चाचणीने गाडीचे जे नाव झाले, ते स्वतःच्या जाहिरातीने झाले नसते.

आता खरी अवघड पायरी : जे काम आपण कधीच केलेले नाही, त्याचा दर कसा द्यावा? इथेच सर्वाधिक वेळ द्यावा, कारण रोल्स-रॉइस इथेच बुडाली. तोपर्यंत कंपनीचा मोठा धंदा विमानांच्या इंजिनांचा झाला होता. १९६८ मध्ये तिने लॉकहीड या अमेरिकी विमान कंपनीच्या ट्रायस्टार या प्रवासी विमानासाठी आरबी२११ हे इंजिन ठरावीक किमतीत देण्याचा करार केला, त्या वेळी ते इंजिन प्रत्यक्षात तयारच नव्हते. पुढच्या पंख्याची पाती कार्बन फायबरची करून वजन वाचवायचे, असा बेत होता. परंतु १९७० मध्ये पक्षी आदळण्याच्या चाचणीत ती पाती फुटली आणि टायटॅनियमकडे वळावे लागले. टायटॅनियमचा पर्याय हाताशी ठेवलेला होता, पण त्याने वजनही वाढले आणि खर्चही. १९७० च्या सप्टेंबरपर्यंत विकासाचा खर्च सुमारे १७ कोटी पौंडांवर, म्हणजे मूळ अंदाजाच्या जवळजवळ दुपटीवर गेला, आणि एकेक इंजिन बनवण्याचा अंदाजित खर्च त्याच्या विक्री-किमतीहून जास्त झाला. असे झाले की जास्त ऑर्डर म्हणजे जास्त तोटा.

‘मोठ्या गिऱ्हाइकात शिरायचे तर पहिल्या ऑर्डरला तोटा सोसा’ हा सल्ला मला मुळीच मान्य नाही. त्याऐवजी कामाचे दोन भाग करावेत. ज्या प्रक्रिया आपण रोज करतो त्यांचा पक्का दर द्यावा. जी प्रक्रिया, धातू किंवा मोजमापाची अचूकता आपल्यासाठी नवी आहे, तिच्यासाठी वेगळी डेव्हलपमेंट ऑर्डर, म्हणजे फक्त नमुना विकसित करण्याची ऑर्डर, मागावी, तिचे पैसे टप्प्याटप्प्याने घ्यावेत आणि नमुना मंजूर झाल्यावरच नगाचा दर सांगावा. पहिली पद्धत फसली तर दुसऱ्या मार्गाला किती खर्च येईल, हा आकडाही दर देण्यापूर्वीच कागदावर असला पाहिजे.

गिऱ्हाइकाचा खरेदी विभाग सहसा सांगतो, ‘डायचा (साच्याचा) खर्च नगामागे वसूल करा.’ इथे विशेष सावध राहावे. वर्षाला किती नग उचलणार याची लेखी हमी नसेल, तर तो खर्च तुमच्याच अंगावर राहतो. गिऱ्हाइकाने मागवायच्या नगांचे शेड्यूल कमी झाले की वसुली थांबते आणि बँकेचा हप्ता मात्र चालूच राहतो. कच्च्या मालाच्या भाववाढीचे कलमही पहिल्याच करारात लिहून घ्यावे. रोल्स-रॉइस कोसळल्यावर लॉकहीडने वाढीव किंमत मान्य केली खरी, कारण ट्रायस्टार या एकाच इंजिनाभोवती आखलेले होते आणि ब्रिटिश सरकारने कंपनी ताब्यात घेऊन काम चालू ठेवले होते. लहान कारखान्यामागे असे सरकार उभे राहत नाही. दुसरा पुरवठादार अटींशिवाय दर देत असेल, तर ते काम त्याला खुशाल जाऊ द्यावे.

हिशेबाची एक गोष्ट याच पायरीत येते. रोल्स-रॉइस विकासावरचा बराच खर्च ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवत असे, त्यामुळे रोकड आटत असतानाही नफा दिसत राहिला. नमुन्यांवर, फसलेल्या प्रयोगांवर आणि जादा पाळ्यांवर झालेला खर्च त्याच वर्षाच्या खर्चात धरावा, आणि महिन्याच्या शेवटी नफ्याआधी बँकेतील शिल्लक पाहावी. तुमचा लेखापाल कितीही आग्रहाने दुसरे सुचवो, कर्ज मिळवण्यासाठी आकडा फुगवू नये. त्या आकड्यावर सर्वांत आधी मालकच विश्वास ठेवू लागतो.

शेवटी नावाचे हक्क तपासावेत. १९७३ मध्ये मोटारींचा धंदा इंजिनांपासून वेगळा झाला. १९९८ मध्ये फोक्सवॅगनने तो त्या वेळच्या मालकाकडून, व्हिकर्स कंपनीकडून, ४३ कोटी पौंडांना घेतला, तेव्हा इंग्लंडमधील क्रू या गावचा कारखाना, बेंटली हा मोटारींचा ब्रँड, रेडिएटरच्या जाळीचा आकार आणि बॉनेटवरची मूर्ती त्यांच्याकडे आली. मात्र ‘रोल्स-रॉइस’ या नावाचे हक्क इंजिने बनवणाऱ्या कंपनीकडेच होते आणि तिने ते ४ कोटी पौंडांत बीएमडब्ल्यूला दिले. २००३ पासून रोल्स-रॉइस मोटारी इंग्लंडमधील गुडवुडला, बीएमडब्ल्यूच्या मालकीखाली बनू लागल्या. आपल्याकडे कंपनीची नोंदणी झाली म्हणजे नाव आपले झाले, असे अनेकजण धरून चालतात, तसे नसते. ट्रेडमार्कची नोंदणी स्वतंत्रपणे करावी लागते आणि दर दहा वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. अर्ज भागीदाराच्या वैयक्तिक नावावर न करता व्यवसायाच्या नावावर करावा, आणि चालू धंदा विकत घेत असाल, तर यंत्रांची यादी मागण्यापूर्वी ट्रेडमार्कचे प्रमाणपत्र मागून त्यावरील मालकाचे नाव वाचावे.