घर बांधताय? परवाना, जोता तपासणी आणि भोगवटा दाखला कसा घ्यायचा

मी मिरजेत परवानाधारक इंजिनिअर म्हणून काम करते. बहुतेक कामं एक-दोन गुंठ्यांतली, लोकांनी स्वतः राहायला बांधलेली घरं. नवीन माणूस आला की पहिला प्रश्न "मॅडम, परवान्याला खर्च किती?" आणि दुसरा "किती दिवसांत हातात पडेल?" हे ठरलेलं. तपासणीला येतात ते नेमकं काय तपासतात, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. महापालिकेचा माणूस येतो तो तुमचं घर मंजूर नकाशाप्रमाणे आहे का, चारी बाजूंची अंतरं सुटलीत का, हे बघायला. कॉलममध्ये लोखंड किती पडलं हे बघायला तो येत नाही. ती जबाबदारी सही करणाऱ्या इंजिनिअरची आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची. त्यामुळे तपासण्या दोन तऱ्हेच्या आहेत हे आधी डोक्यात पक्कं करा: काही त्यांच्या, काही आपल्या.

खालचं सगळं यूडीसीपीआर, म्हणजे डिसेंबर २०२० पासून लागू असलेली एकत्रीकृत नियमावली, जिथे चालते तिथलं आहे. मुंबईचे नियम वेगळे, एमआयडीसीचेही वेगळे.

नकाशा काढण्याआधी

सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढा आणि त्यावरची नावं मोठ्याने वाचा. वडील वारले, वारस लागले, आत्याचं नाव अजून तसंच आहे, अशी प्रकरणं दर महिन्याला येतात. सगळ्या सहहिस्सेदारांची संमती नसेल तर फाईल पहिल्याच टेबलावर अडते. प्लॉट गुंठेवारीतला, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडून विकलेला, असेल तर तो २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित झालाय का आणि तसं पत्र आहे का ते बघा. "शेजाऱ्यानं बांधलंय की" हा कागद नव्हे.

मग मोजणी. भूमी अभिलेखकडून रीतसर मोजणी करून 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, घ्या आणि हद्दीच्या खुणा जागेवर पक्क्या करून ठेवा. कागदावर चाळीस फूट असलेला प्लॉट जागेवर साडेअडतीस भरणं ही आमच्याकडे रोजची गोष्ट आहे. हे नकाशा काढण्याआधी कळलं तर खोली थोडी लहान होते. जोता, म्हणजे पायावर जमिनीच्या वर उचललेला घराचा चौथरा, झाल्यावर कळलं तर भांडण होतं.

कृष्णा-वारणेच्या काठाला असाल तर आणखी एक नकाशा बघायचा, पूररेषेचा. त्यात नदीजवळची रेषा निळी आणि त्याहून मोठ्या पुराची, बाहेरची रेषा लाल. नदी आणि निळी रेषा यांच्यामधली जागा निषिद्ध क्षेत्र, तिथे नवीन घराचा विचार सोडा. निळी आणि लाल रेषेच्या मधे बांधता येतं, पण जोत्याची पातळी तिथल्या लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर ठेवावी लागते. भरावाचा खर्च ऐकून लोक कुरकुरतात. २०१९ आणि २०२१ चं पाणी ज्यांच्या घरात शिरलं होतं ते कुरकुरत नाहीत.

अर्ज

अर्ज ऑनलाईन होतो आणि तो आर्किटेक्ट, परवानाधारक इंजिनिअर किंवा सुपरवायझरमार्फतच जातो. सुपरवायझरच्या परवान्याला प्लॉटच्या आकाराची आणि मजल्यांची मर्यादा असते. ती विचारून घ्या, विचारायला लाजू नका.

१५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर सगळं नियमात बसत असेल आणि तसं प्रमाणपत्र जोडलं असेल, तर कागद दाखल करून शुल्क भरल्याची पोच हीच परवानगी धरली जाते. १५० ते ३०० च्या मधे असेल तर दहा दिवसांत परवाना देण्याची तरतूद आहे. आता यातली गंमत बघा. एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. म्हणजे दीड गुंठ्याचा प्लॉट १५१.७५ भरतो, पावणेदोन मीटरने पहिल्या गटाच्या बाहेर! आमच्या भागातले निम्मे प्लॉट दीड गुंठ्याचे. म्हणूनच अर्ज करताना खरेदीखतावरचा आकडा धरून चालू नका, मोजणीत प्रत्यक्ष किती भरतंय ते बघा.

शुल्काचं थोडक्यात. महापालिका हद्दीत निवासी कामाला विकास शुल्क रेडीरेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जमिनीच्या, दरावर लागतं, जमिनीसाठी अर्धा टक्का आणि बांधकामासाठी दोन टक्के. दुकान काढणार असाल तर दुप्पट. शिवाय छाननी शुल्क, आणि लागू होत असेल तर बांधकाम खर्चाच्या १ टक्का कामगार उपकर. जास्त एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या आकाराच्या मानाने जास्त बांधकाम, हवा असेल तर प्रीमियम वेगळा. इंजिनिअरकडून हे सगळं एका कागदावर लिहून घ्या, त्याची फी वेगळ्या ओळीत. "सगळं मिळून एवढे द्या" म्हणणाऱ्याकडून पावत्या मागा.

साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं मानतात, हे कुणीतरी तुम्हाला सांगेलच. कायद्यात ती तरतूद आहे, पण नकाशा नियमांत तंतोतंत बसत असेल तरच. त्यात एक चूक निघाली तर ते बांधकाम विनापरवाना ठरतं. मी माझ्या कुठल्याही पक्षकाराला त्या भरवशावर खड्डा मारू देत नाही.

परवाना एका वर्षाचा. काम सुरू झालं नाही तर मुदत संपण्याआधी नूतनीकरण करा. सगळं मिळून चार वर्षांपर्यंत वाढवून मिळतं. आणि काम सुरू झालं म्हणजे नारळ फोडला असं नाही, जोत्यापर्यंत काम आलं पाहिजे.

लाईन आऊटचा दिवस

लाईन आऊट म्हणजे नकाशातलं घर जागेवर दोऱ्यांनी आखणं. माझ्या मते अख्ख्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस हा. स्लॅबच्या दिवशी सगळे नातेवाईक येतात, जेवण असतं. लाईन आऊटला मालकही नसतो! मिस्त्री सकाळी लवकर येऊन दोऱ्या ताणून, फक्की मारून मोकळा होतो.

त्या दिवशी सुट्टी काढा. हातात मंजूर नकाशा, टेप आणि मोजणीची 'क' प्रत घ्या. आधी हद्दीच्या खुणा शोधा. शेजाऱ्याच्या कंपाउंडला हद्द समजू नका, त्याचं कंपाउंड कुठे सरकलंय ते देव जाणे. मग गुण्या तपासा: कोपऱ्यापासून एका दोरीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट खूण करा. मधलं तिरपं अंतर बरोबर पाच फूट आलं तर काटकोन. मोठं माप घ्यायचं तर सहा-आठ-दहा.

मग खरी मेख. दोरी बहुतेक वेळा कॉलमच्या मध्यावर धरलेली असते, आणि नकाशातलं सामासिक अंतर, म्हणजे घर आणि हद्दीमधली मोकळी सोडायची जागा, मोजतात भिंतीच्या बाहेरच्या तोंडापासून. मिस्त्री मध्यापासून दीड मीटर मोजून खूण करतो, मग अर्धा कॉलम बाहेर येतो, वर गिलाव्याचा थर, आणि दीड मीटरचं एक मीटर छत्तीस होतं. म्हणून मी प्रत्येक बाजूला दोन-तीन इंच राखूनच लाईन देते. खोली तेवढ्याने लहान होत नाही.

जोता तपासणी

जोत्यापर्यंत काम आलं की इंजिनिअर ठरलेल्या नमुन्यात कळवतो: काम मंजूर नकाशाप्रमाणे झालं आहे. तपासणीला येणं न येणं अधिकाऱ्यांच्या हातात. आले तर टेप लावून चारी अंतरं आणि जोत्याची लांबी-रुंदी बघतात. कळवल्याची पोच जपून ठेवा, बँक गृहकर्जाचा हप्ता सोडताना मागते. कंपाउंडलगत विटा-खडीचे ढीग असतील तर आदल्या दिवशी हलवा. टेपच लागली नाही तर तो माणूस परत जाणार.

आपली तपासणी

ही तुमच्या पैशाने करायची आणि ठेकेदाराच्या करारात लिहून घ्यायची: स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघितल्याशिवाय काँक्रीट टाकायचं नाही. फुटिंगचे, म्हणजे कॉलमच्या पायाचे, खड्डे झाले की पहिली. आमच्याकडे काळी माती, ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खड्डा मुरमाला लागलाय का हे पीसीसी, म्हणजे तळाचा साध्या काँक्रीटचा थर, टाकण्याआधी बघायचं, नंतर कुणाला काय दिसणार?

दुसरी कॉलम बांधल्यावर. रिंगांची टोकं ९० अंशात वाकवून सोडलेली दिसली तर थांबवा. ती १३५ अंशात वळवून आत गेलेली हवीत. कव्हर ब्लॉक, म्हणजे लोखंड साच्यापासून लांब ठेवणारे ठोकळे, फुटिंगला ५० मिलिमीटर, कॉलमला ४०, स्लॅबला २०. खडीचा तुकडा सारून चालत नाही.

तिसरी स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी, सकाळी नको, सकाळी मिक्सर आलेला असतो आणि कुणी ऐकत नाही. बाल्कनीकडे खास बघा. तिचं मुख्य लोखंड वरच्या बाजूला असतं, आणि सेंट्रिंगवाले त्यावरून चालून ते खाली दाबतात. चेअर, म्हणजे वाकवलेल्या सळीचे आधार, लावून वर उचललंय का, प्रत्यक्ष हात घालून पाहा. काँक्रीटचे १५ सेंटिमीटरचे क्यूब भरून घ्या, सात आणि अठ्ठावीस दिवसांचा रिपोर्ट मागा. एम-२० प्रतीच्या काँक्रीटसाठी अठ्ठावीस दिवसांना २० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकद अपेक्षित असते. हे रिपोर्ट फाईलला लावा, शेवटी स्थैर्याचा दाखला देणारा इंजिनिअर ते बघूनच निर्धास्त सही करतो.

भोगवटा

बांधताना बदल होतोच. वहिनींना किचन मोठं हवं असतं, जिना फिरतो. बदल केलात तर सुधारित नकाशा तेव्हाच मंजूर करून घ्या, शेवटपर्यंत ठेवू नका. काम संपलं की इंजिनिअर काम पूर्ण झाल्याचा दाखला, स्थैर्याचा दाखला आणि फोटो जोडून भोगवट्याला, म्हणजे घर वापरायला घेण्याच्या परवानगीला, अर्ज करतो, पाहणी होते, दाखला मिळतो. खालचा मजला तयार आणि वरचा अर्धवट असेल तर अंशतः भोगवटाही मागता येतो.

"घरपट्टी लागली, आता कशाला भोगवटा?" हे फार ऐकते. घरपट्टी अनधिकृत घरालाही लागते, उलट महापालिका कायद्यात तिच्यावर शास्तीचीही तरतूद आहे. घर विकताना, कर्ज काढताना भोगवटा दाखला मागतातच. आणि तो हातात आल्यावर गच्चीवर पत्र्याची शेड टाकायची असेल तर तीही आधी विचारूनच टाका.