बॅरलचा ट्विस्ट ठरवताना वजन नाही, बुलेटची लांबी बघा

टार्गेट रायफलसाठी नवीन बॅरल मागवताना ट्विस्ट (म्हणजे बॅरलमधल्या वळणदार खाचा बुलेटला किती इंचांत एक पूर्ण फेरा देतात ते माप; इंच कमी, तितका ट्विस्ट जलद) किती घ्यायचा, असं कुणाला विचारलं की दोन ठरलेली उत्तरं मिळतात. ‘जड बुलेट, म्हणजे जलद ट्विस्ट’ हे एक आणि ‘सगळ्यात जलद घेऊन टाक, काही बिघडत नाही’ हे दुसरं. दोन्हींमुळे लोकांचे पैसे आणि अख्खे हंगाम वाया जातात.

५० मीटरच्या .२२ रायफलवाल्यांनी याची चिंता करू नये. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ज्या प्रकारात कांस्य मिळवलं, तिथे दारूगोळा एकाच ठरावीक घडणीचा असतो आणि ट्विस्ट साधारण १६ ते १६.५ इंचांना एक फेरा. प्रश्न उभा राहतो तो ६०० आणि १००० यार्डांच्या नेमबाजीत. तिथे एकाच कॅलिबरमध्ये आखूड आणि चांगल्या लांबलचक अशा दोन्ही बुलेट मिळतात. मी उदाहरण अमेरिकेतल्या एफ-टीआर या लांब पल्ल्याच्या स्पर्धाप्रकाराचं घेतो, कारण तिथे .२२३ रेमिंग्टन आणि .३०८ विंचेस्टर ही दोनच काडतुसं चालतात.

पहिली पायरी: बुलेट ठरवा. बॅरल नंतर.

दुसरी पायरी: डब्यातल्या दहा बुलेट कॅलिपरने मोजा आणि सरासरी काढा. कॅटलॉगमधल्या आकड्यावर विसंबू नका, लॉट, म्हणजे उत्पादनाची खेप, बदलला की लांबी थोडी हलते.

तिसरी पायरी म्हणजे स्थिरतेचा हिशेब, आणि लोक अडतात ते इथेच. १८७९मध्ये ब्रिटिश गणितज्ञ ग्रीनहिलने दिलेलं सूत्र अजून फिरत असतं. त्यात फक्त व्यास आणि लांबी येते, आजच्या निमुळत्या, बोट-टेल (मागचा भागही निमुळता असलेल्या) बुलेटला ते पुरत नाही. डॉन मिलरचं सूत्र वापरा:

स्थिरता = ३० × वजन ÷ [ट² × व्यास³ × ल × (१ + ल²)]

वजन ग्रेनमध्ये (बुलेट तोलायचं छोटं एकक), व्यास इंचात. ‘ट’ म्हणजे एका फेऱ्याची लांबी भागिले व्यास आणि ‘ल’ म्हणजे बुलेटची लांबी भागिले व्यास. हे उत्तर २८०० फूट प्रतिसेकंद वेग आणि १५ अंश सेल्सिअस तापमानासाठी असतं. वेग वेगळा असेल तर प्रत्यक्ष वेग भागिले २८०० याच्या घनमुळाने गुणा.

आता समजा, .३०८ची २०० ग्रेनची बुलेट मोजली आणि ती दीड इंच भरली. वेग २६५०. १२ इंचांच्या ट्विस्टमध्ये स्थिरता येते १.१०, ११मध्ये १.३१, १०मध्ये १.५९. याच १२च्या बॅरलमध्ये १.२४ इंच लांबीची १७५ ग्रेनची बुलेट २६०० वेगाने गेली तर १.६७ मिळतात. वजनातला फरक थोडा दिसतो, पण सूत्रात लांबी जवळजवळ घनाने येते आणि वजन फक्त एकदा. जास्त वजन तर उलट स्थिरता वाढवतं.

१ च्या खाली बुलेट कोलमडते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. खरा धोका १ ते १.५ यांच्या मधे आहे. १०० यार्डांवर भोकं गोल पडतात, ग्रुपही छान येतो आणि माणूस निर्धास्त होतो. पण बुलेट किंचित डुलत जाते, तिचा बॅलिस्टिक कोइफिशंट, म्हणजे हवा कापत जाण्याची क्षमता, घटतो आणि १००० यार्डांवर वारा तिला हिशेबापेक्षा जास्त ढकलतो. शंभर यार्डांवरचं गोल भोक हा पुरावा नाही. १.५ गाठा.

शिवाय हवा बदलते. १.१० असलेली ती बुलेट शून्य अंशाच्या सकाळी १.०५ वर येते, कारण थंड हवा दाट असते. अमेरिकी सैन्याने १९६०च्या दशकात एम-१६चा ट्विस्ट १४वरून १२वर आणला तो कडाक्याच्या थंडीत बुलेट डगमगत होती म्हणूनच. न्यू मेक्सिकोतल्या रॅटनला, सुमारे २००० मीटर उंचीवर, जे बॅरल उत्तम चालतं ते ओहायोतल्या कॅम्प पेरीला, सरोवराच्या काठी, सखल जागेच्या दाट हवेत, नाराज करू शकतं. म्हणून हिशेब तुमच्या सगळ्यात थंड आणि सगळ्यात सखल रेंजचा करा.

प्लॅस्टिक टोकाच्या बुलेटला हे सूत्र प्रत्यक्षापेक्षा कमी स्थिरता दाखवतं. टोक लांबी वाढवतं, वजन नाही. तिथे १.४ आलं तरी घाबरू नका.

मग सरळ ९चा का घेऊ नये? स्थिरता १.९६ होते, पण १.५च्या वर कोइफिशंटमध्ये मिळण्यासारखं फारसं काही उरत नाही. उलट जॅकेटची, म्हणजे बुलेटवरच्या धातूच्या आवरणाची, जाडी एका बाजूला कणभर कमी असेल, तर जास्त फिरकीने तोच दोष बॅरलबाहेर पडताना वाढतो. ६ पीपीसी हे काडतूस वापरणारे बेंचरेस्टवाले (रायफल टेबलावर टेकवून अचूक ग्रुप मारणारे) ६८ ग्रेनच्या आखूड बुलेटसाठी १३.५ किंवा १४चा ट्विस्ट वापरतात ते याच कारणाने. पातळ जॅकेट आणि फार जलद फिरकी एकत्र आली तर बुलेट हवेतच फुटते. वेग गुणिले ७२० भागिले ट्विस्ट केलं की मिनिटाचे फेरे कळतात. आपल्या उदाहरणात १०च्या बॅरलने सुमारे १,९१,००० येतात, म्हणजे काळजीचं कारण नाही. तीन लाखांकडे जायला लागलं की थांबा.

चौथी पायरी: ऑर्डरमध्ये ट्विस्ट स्पष्ट लिहा आणि गनस्मिथला त्याच बुलेटचं डमी काडतूस द्या, म्हणजे थ्रोट (काडतुसाच्या जागेपुढचा, खाचा सुरू होण्याआधीचा भाग) तिच्या मापाने कापला जाईल.

बॅरल हातात आलं की ट्विस्ट तपासा. मुठीत मोकळा फिरणारा क्लीनिंग रॉड घ्या, घट्ट पॅच (साफसफाईचा कापडाचा तुकडा) लावा, रॉडवर खूण करा आणि ती एक पूर्ण फेरा मारून पुन्हा वर येईपर्यंत हळू ढकला. रॉड जितका आत गेला तितका ट्विस्ट. पॅच घसरला तर माप चुकतं, म्हणून तीनदा करा, आणि चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, कापायला देण्याआधी करा. कापलेलं बॅरल कुणी परत घेत नाही.