ओव्हरक्लॉक करताना व्होल्टेज ‘ऑटो’वर सोडू नका
एएमडीचा रायझन ५ ३६०० प्रोसेसर ओव्हरक्लॉक करताना, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवताना, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) व्होल्टेज स्वतः ठरवा. ‘ऑटो’वर मदरबोर्ड बरेचदा गरजेपेक्षा जास्त देतो. १.२५ व्होल्टपासून सुरुवात करा. रोजच्या वापरासाठी १.३ व्होल्टच्या वर मी तरी जाणार नाही. स्टॉक, म्हणजे कंपनीच्या मूळ सेटिंगमध्ये १.४५ दिसतं, पण ते हलक्या कामात, क्षणभरापुरतं. तेवढंच व्होल्टेज सगळ्या कोअरवर भर लोडमध्ये कायम ठेवलं तर चिप हळूहळू झिजते आणि कालपर्यंत ४.२ गिगाहर्ट्झ वेगाने नीट चाललेला संगणक अचानक क्रॅश व्हायला लागतो.

तापमानाची कमाल मर्यादा ९५ अंश आहे, तरी सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकणारा चाचणी प्रोग्रॅम) अर्धा तास चालवून ८०च्या आत राहतंय ना ते बघा. जानेवारीत चाचणी केली असेल तर मे महिन्यातल्या दुपारी पुन्हा करा. खोली जितके अंश तापते, साधारण तितकीच चिपही.