ईआरपीसाठी फुकटचा एसक्यूएल सर्व्हर घेण्याआधी

एसक्यूएल सर्व्हर हे मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस सॉफ्टवेअर. त्याच्या फुकट, एक्स्प्रेस आवृत्तीला परवान्याचे पैसे लागत नाहीत, म्हणून बरेच जण ईआरपी (धंद्याची बिलं-हिशोब सांभाळणारं सॉफ्टवेअर) त्यावरच चढवतात. पण 2022 या व्हर्जनपर्यंतच्या एक्स्प्रेसमध्ये एका डेटाबेसला 10 जीबीची मर्यादा आहे. ती फक्त डेटा फाइलला लागू होते, लॉग फाइल (बदलांची नोंद ठेवणारी) त्यात धरत नाहीत. मर्यादा गाठली की जुनी बिलं दिसत राहतात, नवीन मात्र सेव्ह होत नाही, आणि हे नेमकं मार्चअखेरीस घडतं. स्कॅन केलेली बिलं डेटाबेसमध्येच साठवत असाल तर 10 जीबी फार लवकर भरतात. ती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.

बफरसाठी, म्हणजे डेटा हाताशी ठेवायला, मेमरी जेमतेम 1410 एमबी वापरली जाते, त्यामुळे सर्व्हरला 64 जीबी रॅम घालणं म्हणजे पैसे पाण्यात. ठरल्या वेळी कामं आपोआप करणारा एसक्यूएल एजंटही नसतो. रोजचा बॅकअप विंडोजच्या टास्क शेड्युलरसारख्या बाहेरच्या साधनातून लावावा लागतो.

स्टँडर्ड ही विकतची आवृत्ती घ्यायचं ठरलं तर आधी ईआरपीवाल्याकडून कोणतं व्हर्जन चालतं ते लेखी घ्या. 2022 चा बॅकअप 2019 वर रिस्टोअर होत नाही. कोअरप्रमाणे (प्रोसेसरच्या गाभ्यांच्या संख्येवर) परवाना घेतल्यास व्हर्च्युअल मशीनला (एका सर्व्हरवर सॉफ्टवेअरने बनवलेल्या वेगळ्या संगणकाला) किमान 4 कोअरचे पैसे मोजावेच लागतात, त्या मशीनला दोनच कोअर दिले तरी.