पॉवर विंडो सुरक्षितपणे कशा वापराव्यात

सर्वप्रथम आपल्या गाडीची कोणती काच अडथळा लागताच आपोआप मागे फिरते, हे गाडीसोबत मिळालेल्या माहितीपुस्तिकेत पाहून घ्यावे. अनेक गाड्यांत ही सोय केवळ चालकाच्या काचेला असते. बटणावर ‘ऑटो’ लिहिले आहे एवढ्यावर विसंबू नये, कारण पुष्कळदा ते फक्त काच खाली जाण्यापुरते असते. संयुक्त राष्ट्रांच्या 21 क्रमांकाच्या वाहन नियमावलीनुसार, आपोआप बंद होणाऱ्या काचेने 4 ते 200 मिलिमीटरच्या फटीत 100 न्यूटनपेक्षा, म्हणजे सुमारे 10 किलो वजनापेक्षा, अधिक दाब देण्याआधी मागे फिरले पाहिजे. परंतु चालकाने बटण सतत धरून ठेवल्यावरच जी काच वर चढते, तिला ही सक्ती नाही, आणि मागच्या सीटवर मुलांच्या शेजारी बहुधा तीच काच असते. सोय चालते का, हे तपासायचे झाल्यास गुंडाळलेले वर्तमानपत्र फटीत धरावे, स्वतःचा हात कधीही घालू नये.

त्यानंतर मुले गाडीत बसताच चालकाच्या दारावरील विंडो लॉक, म्हणजे मागच्या काचांची बटणे बंद करणारे बटण, दाबावे. मागच्या दाराच्या कडेला असलेला चाइल्ड लॉकचा खटका लावला म्हणजे काम झाले, असा समज सर्रास आढळतो. त्या खटक्यामुळे दार आतून उघडत नाही एवढेच, काचेची बटणे मात्र चालूच राहतात. दाबले की काच वर जाईल अशी बटणे असलेल्या जुन्या गाड्यांत तर अधिक जपावे, कारण खिडकीतून वाकणाऱ्या मुलाचा गुडघा बटणावर टेकला तरी काच चढू लागते आणि मान अडकू शकते.

काच वर घेण्यापूर्वी मागे वळून पाहावे, “हात आत घ्या” असे मोठ्याने सांगावे आणि फट पूर्ण मिटेपर्यंत नजर काचेवर ठेवावी.

गाडी थांबवल्यावर किल्ली सोबत न्यावी आणि पाच मिनिटांच्या कामासाठीही मुलांना एकटे ठेवू नये. काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही पुढचे दार उघडेपर्यंत काचा काही काळ चालतात.

बॅटरी बदलल्यावर किंवा तिची तार काढून पुन्हा जोडल्यावर काही गाड्यांत काच आपोआप मागे फिरण्याची सोय बंद पडते. अशा वेळी पुस्तिकेत दिल्याप्रमाणे ती पुन्हा सुरू करून घ्यावी आणि वर्तमानपत्राची चाचणी नव्याने करावी.