गावच्या हवेतला ओझोन कागदावर असा पाहा

फाल्गुन-चैत्रात ऊन तापले की गाड्यांच्या आणि जाळलेल्या पऱ्हाट्यांच्या धुरातून आपल्याकडे जमिनीलगत ओझोन तयार होतो. त्याच दिवसांत उत्तर ध्रुवाकडे उलटे घडते. कॅनडाच्या उत्तर टोकाजवळच्या अलर्ट या ठिकाणी एरवी ३०-४० पीपीबी (हवेच्या एक अब्ज भागांत ३०-४० भाग) असलेला ओझोन मार्च ते मेमध्ये कधी कधी १ पीपीबीच्याही खाली जातो. समुद्री बर्फावरच्या खारात ब्रोमाइड असते. हिवाळ्याची रात्र संपून ऊन आले, की त्यातून निघालेला ब्रोमीन ओझोन फोडतो आणि खारातून आणखी ब्रोमीन सोडवतो. अंटार्क्टिकावरचे ओझोन छिद्र वेगळे, ते कित्येक किलोमीटर उंचावर. मुलांचा इथेच घोळ होतो, तो आधी मिटवा.

ब्रोमीनच्याच कुळातल्या आयोडीनने शाळेत ओझोनची चाचणी होते. ओझोन पोटॅशियम आयोडाइडमधून आयोडीन मोकळे करतो आणि त्याने पिठाची खळ निळी-जांभळी होते. १०० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये ५ ग्रॅम कॉर्नफ्लोअर कालवून मंद आचेवर ढवळत राहा. खळ पारदर्शक झाली की उतरवा, त्यात १ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड विरघळवा. गार झाल्यावर फिल्टर पेपरला दोन्ही बाजूंनी लावा, अंधाऱ्या खोलीत वाळवा, पट्ट्या कापून काळ्या कागदात गुंडाळा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. आयोडीनयुक्त मीठ इथे चालत नाही, त्यात आयोडेट असते.

पाणी मात्र डिस्टिल्डच हवे. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली असेल तर त्या पाण्यातला क्लोरीनच पट्टी निळी करतो आणि सगळे निरीक्षण वाया जाते. हाच गुण तपासणीला वापरा: एका पट्टीवर टीसीएलच्या पाण्याचा थेंब टाका. निळी झाली नाही, तर कागद बिघडला आहे.

ओली पट्टी ओसरीत, सावलीत, वारा लागेल अशी ११ ते ४ टांगा. चुलीपासून लांब ठेवा. धुरातला नायट्रोजन डायऑक्साइडही रंग आणतो. दाट झाडाखाली नको, पाने ओझोन शोषतात. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात पट्टी लगेच वाळते आणि पाण्याविना क्रिया मंदावते, म्हणून ड्रॉपरने ओलावा टिकवा. फार उष्ण जागी आयोडीन उडून रंग फिका पडतो.

शेवटी पट्टी पुन्हा भिजवून बंद बरणीतल्या पट्टीशेजारी धरा. जांभळा जितका गडद, तितका ओझोन जास्त. पीपीबीचा आकडा यातून काढू नका. रोज त्याच जागी, त्याच वेळी टांगलेल्या पट्ट्यांचीच तुलना करा.