शिवारात पाणी शिरायच्या आधी करायची कामं

आमच्या बेळगावात बळ्ळारी नाल्याचं पाणी येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारात शिरलं की कचेरीत पाय ठेवायला जागा नसते. म्हणून पीक बुडाल्यावरची सरकारी मदत मिळायला लागणारी ही कामं मे महिन्यातच उरका. 2019 च्या पुरात आमचं 30 गुंठे भात आठवडाभर पाण्याखाली होतं. पंचनामा झाला, यादीत नावही लागलं, पण पैसे काही आले नाहीत. गुडघे धरलेले असताना सासरे खेपा मारत राहिले. शेवटी कळलं, मदत आधारला जोडलेल्या खात्यात जाते, आणि त्यांचं आधार ज्या खात्याला जोडलं होतं ते कधीचंच बंद पडलेलं!

तर आधी बँक. 'आधार जोडलंय का' एवढ्यावर थांबू नका. 'डीबीटीसाठी (म्हणजे सरकारचे पैसे थेट खात्यात यायला) एनपीसीआयला (आधारवरून पैसे कुठल्या खात्यात जायचे याची नोंद ठेवणारी संस्था) कुठलं खातं लागलंय' असं विचारा आणि ते खातं चालू असल्याची खात्री करून घ्या.

मग रयत संपर्क केंद्र, म्हणजे कृषी खात्याची कचेरी. फ्रूट्समध्ये, म्हणजे कर्नाटक सरकारच्या शेतकरी नोंदणीत, नोंद करून एफआयडी हा शेतकऱ्याचा ओळख नंबर घ्या. तो असेल तर त्यात तुमचे सगळे सर्व्हे नंबर चढलेत का ते बघा. आमचे दोन तुकडे, त्यातला एकच चढला होता.

सगळ्यात अवघड काम वारशाचं. आपल्याकडे कितीतरी उतारे अजून आजोबा-पणजोबांच्या नावावर आहेत. कसणारा एक आणि उताऱ्यावर वारलेला माणूस, मग पैसे कुणाच्या खात्यात जाणार? मृत्यूचा दाखला आणि वंशावळ घेऊन नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या आपल्या भागातल्या कचेरीत, अर्ज द्या. त्याआधी भाऊबंदांना घरी बोलवा, चहा पाजा, नीट बोला. आमच्याकडे या बोलण्यातच दोन वर्षं गेली, तरी ते झालं याचं मला फार समाधान आहे.

पाणी आलं की तलाठ्यांना लगेच कळवा. बांध, झाड अशी खूण दिसेल असे फोटो काढा. पाहणीच्या दिवशी घरातलं कुणीतरी शेतात हजर पाहिजेच. नोंद कन्नडमध्ये होते, म्हणून चार शब्द पाठ करा: भत्त म्हणजे भात, कब्बु म्हणजे ऊस, मळेआश्रित म्हणजे कोरडवाहू, नीरावरी म्हणजे बागायत. भाताच्या जागी दुसरं पीक लागलं तर तिथल्या तिथे सांगा, नंतर दुरुस्ती करताना जीव जातो. पीकविमा निराळा. तो काढला असेल तर त्याची खबर 72 तासांत द्यायची.

नुकसान 33 टक्के किंवा जास्त असेल तरच मदत मिळते, तीही 2 हेक्टरपर्यंत, म्हणजे पाच एकराला जरा कमी. केंद्राच्या 2022 ते 2026 च्या निकषांत हेक्टरी कोरडवाहूला 8,500, बागायतीला 17,000 आणि बहुवार्षिक पिकांना 22,500 रुपये ठरले होते. राज्य सरकार कधी वर भर घालतं. आमच्या 30 गुंठ्यांचा हिशेब कोरडवाहूच्या या दरानं साधारण 2,580 रुपये होतो. रोपाचा आणि लावणीचा खर्च यात निघत नाही, पण हक्काचे आहेत, सोडू नका.

पैसे कुठे अडकले ते 'परिहार' या राज्य सरकारच्या नुकसानभरपाईच्या संकेतस्थळावर आधार किंवा एफआयडी घालून दिसतं. कन्नड वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोरांना जवळ बसवा. आमची थोरली सातवीत आहे. गेल्या खेपेला आजोबांच्या नावापुढची ओळ तिनंच वाचून दाखवली.